कोर्टाच्या दप्तरातला तालुका

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, लढाया आठवतात, राजे आणि त्यांचे सरदार आठवतात. राळेगावसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्याच्या वाट्याला अशा इतिहासाची पाने फारशी येत नाहीत. मग इथल्या साध्या माणसाचे नाव कुठे लिहिलेले सापडते? एक, सातबारावर. दोन, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. आणि तिसरी जागा म्हणजे फौजदारी कोर्टाचे दप्तर. पहिल्या दोन ठिकाणी माणसाचे नुसते नाव असते. तिसऱ्या ठिकाणी तो बोललेला असतो.

फौजदारी खटल्याची एखादी जुनी मिसल उघडून पाहा. त्यात फिर्याद असते, पंचनामा असतो, साक्षीदारांचे जबाब असतात, आरोपीचे म्हणणे असते आणि शेवटी निकाल असतो. पंचनाम्यात झोपडीला दार कोणत्या दिशेला होते ते लिहिलेले असते. गोठ्यात किती जनावरे होती, विहीर घरापासून किती पावलांवर होती, चोरीला गेलेल्या लुगड्याची किंमत किती धरली, हे सारे असते. ज्या बाईने आयुष्यात कधी कागदावर अंगठा उमटवला नाही, तिची साक्ष तिथे असते. कोणत्याही गॅझेटियरमध्ये हे सापडत नाही. गॅझेटियर जिल्ह्याचे बोलते. मिसल एका घराचे बोलते.

श्रोतेहो, माझ्या घरात उर्दू बोलली जाते आणि मी कविता मराठीत लिहितो. त्यामुळे कोर्टाची मराठी मला नेहमीच ओळखीची वाटली. फिर्याद, जामीन, नक्कल, मुद्देमाल, हजर, गैरहजर, तारीख, वकील, दप्तर हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि इथल्या मातीत असे रुजले की ते परके आहेत हे आज कोणाला सांगूनही पटत नाही. मुचलका तर तुर्कीतून आला. आणि पंचनामा हा शब्द पाहा. त्यातला पंच संस्कृतातला आणि नामा फारसीतला. दोघांनी मिळून एक शब्द केला आणि गावातल्या पाच माणसांच्या सह्या त्याच्याखाली घेतल्या. वऱ्हाडावर आधी निजामाचा, मग इंग्रजांचा कारभार झाला. राज्ये गेली, कचेरीचे शब्द राहिले.

हे शब्द मला वाचता येतात, एवढ्या भांडवलावर काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक शिक्षक माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, आमचा आजा जेलात गेला होता, हे साऱ्या गावाले माहीत हाये. कायच्यासाठी गेला होता, हे सांगनारं कोनी राह्यलं नाही." घरचे म्हणत, आजोबा स्वराज्यासाठी गेले. गावातले काही लोक म्हणत, चोरीत गेले. पेन्शनचा प्रश्न नव्हता, आजोबा केव्हाच वारले होते. प्रश्न एवढाच होता की मुलांना काय सांगायचे.

गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ते समजण्यासाठी आपल्याला १९३० सालात जावे लागेल.

त्या वर्षी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. विदर्भाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला, पण तशा विहिरी सगळीकडे कुठून असणार? आपल्याकडे होते जंगल. राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापायचे नाही, असा सरकारचा नियम होता. शेतकऱ्याच्या बैलाला आणि आदिवासीच्या चुलीला हा नियम रोज टोचत होता. म्हणून विदर्भाने मिठाऐवजी गवत निवडले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच जुलै महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. त्यांना दोन कलमे लागली. दहापेक्षा जास्त लोकांना गुन्ह्यासाठी प्रवृत्त करण्याचे कलम ११७, त्याबद्दल सहा महिने. आणि कलम ३७९, त्याबद्दल तीन महिने. एकूण नऊ महिने सक्तमजुरी.

हे कलम ३७९ म्हणजे काय? तेव्हाच्या भारतीय दंड विधानातले चोरीचे कलम. कोंबडी चोरली तरी ३७९, सायकल चोरली तरी ३७९, आणि देशासाठी मूठभर गवत कापले तरीही ३७९. इंग्रज सरकारने सत्याग्रहींसाठी वेगळा रकाना आखला नव्हता. त्यांना देशभक्त म्हणून तुरुंगात टाकले तर त्यांचा मान वाढणार होता, चोर म्हणून टाकले की काम भागत होते. म्हणजे शिक्षेच्या रजिस्टरात नुसते "३७९, चार महिने" एवढेच वाचले, तर तो माणूस स्वातंत्र्यसैनिक होता की भुरटा चोर होता, हे कळायला मार्ग नाही. ते कळते फक्त मिसलीतून. काय चोरले, कुठे चोरले, कोणाच्या देखत चोरले, आणि कोर्टात उभे राहून आरोपी काय म्हणाला, हे तिथेच लिहिलेले असते.

म्हणून त्या शिक्षकांना मी म्हटले, आपण मिसल शोधू या. आता राळेगावकडच्या १९३० सालच्या खटल्याचा कागद शोधायचा म्हणजे काय काय लक्षात घ्यावे लागते, ते सांगतो. कारण हे शोधणे हाच एक इतिहासाचा धडा आहे.

पहिली गोष्ट, जिल्ह्याचे नाव. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, तो १९०५ पर्यंत वणी जिल्हा होता. इंग्रजी कागदांत ते नाव 'वून' असे लिहिलेले सापडते. त्याआधीचा कागद 'यवतमाळ' या नावाखाली शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

दुसरी गोष्ट, राज्य. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तरी कागदोपत्री धनी निजामच राहिला. इंग्रजांच्या कायद्याने शिक्षा झालेला १९३० सालचा आपला सत्याग्रही नावापुरता हैदराबादचा रयत होता. त्या काळी वऱ्हाडातली अपिले नागपूरला ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात जात. १९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्या हायकोर्टाच्या जागी मुंबई हायकोर्टाचे नागपूर खंडपीठ आले. एका खेड्यातल्या खटल्याचा कागद असा चार राज्यव्यवस्थांमधून प्रवास करतो. अपील झाले असेल तर नागपूर हा शोधाचा मोठा आधार. कायद्याचा मुद्दा महत्त्वाचा असेल तर निकाल छापलाही गेला असेल. 'ऑल इंडिया रिपोर्टर' हे देशभर वापरले जाणारे निकालांचे प्रकाशन नागपूरचेच आहे. जिल्ह्यातल्या जुन्या वकिलांच्या घरी त्याचे जाड जाड खंड सापडतात.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आज मॅजिस्ट्रेट म्हणजे न्यायाधीश, हायकोर्टाच्या देखरेखीखालचा. इंग्रजांच्या काळात तसे नव्हते. महसूल गोळा करणारा अधिकारीच मॅजिस्ट्रेटचे काम करायचा. सकाळी शेतसाऱ्याचा हिशेब, दुपारी फौजदारी खटला. न्याय आणि कारभार यांची ही सरमिसळ देशभर पुरती संपली ती १ एप्रिल १९७४ पासून, नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाल्यावर. म्हणून जुना खटला शोधायचा तर नुसते कोर्टात विचारून चालत नाही. महसूल कचेरीचे रेकॉर्ड, तुरुंगाची रजिस्टरे आणि नागपूरचे पुराभिलेखागार अशा सगळ्या दारांवर टकटक करावी लागते.

आणि चौथी गोष्ट, वाळवीआधी नियम कागद खातो. १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याचा कायदा आहे. त्याखाली हायकोर्टे नियम करतात. कोणते कागद कायम ठेवायचे, कोणते काही वर्षांनी फाडायचे, हे ठरलेले असते. त्यात चूक काही नाही, सगळे ठेवायचे म्हटले तर ठेवायला जागा कुठून आणणार? पण यात एक गोष्ट हटकून होते. मोठ्या खटल्याचे आयुष्य मोठे आणि छोट्या खटल्याचे छोटे. खुनाची मिसल टिकते. चार महिन्यांच्या शिक्षेची मिसल जाते. आणि गरीब माणसाचा इतिहास नेमका अशा छोट्या खटल्यांत असतो. जंगलातून सरपण आणले, मोहाची दारू काढली, सावकाराच्या माणसाशी झटापट झाली, त्याचे हे खटले.

त्या शिक्षकांच्या आजोबांची मिसल आम्हाला मिळाली नाही. नियमाप्रमाणे ती केव्हाच नष्ट झाली होती. मात्र एका कचेरीच्या जुन्या रजिस्टरात एक ओळ सापडली. नाव, बापाचे नाव, गाव, कलम ३७९, शिक्षा, आणि १९३० च्या पावसाळ्यातली तारीख. शिक्षकांचा चेहरा उतरला. मी म्हटले, गुरुजी, वरची ओळ वाचा, खालचीही वाचा. वर-खाली सात-आठ नावे होती. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या जातींची. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच कलमाखाली, एकसारखीच शिक्षा. चोर असे वाजतगाजत घोळक्याने पकडले जात नाहीत. कोर्टात हा पुरावा म्हणून टिकेल का, ते वकील सांगतील. इतिहासाला मात्र तो पुरेसा बोलका आहे.

हा प्रश्न एका घराचा नाही. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. १९८० मध्ये योजनेचा विस्तार होऊन तिला सन्मान योजनेचे रूप आले. अट होती किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिने होती. पुरावा कोणता? तुरुंगाचा नाही तर कोर्टाचा कागद. ज्या शिक्क्याने माणसाला गुन्हेगार ठरवले, तोच शिक्का आता सन्मानासाठी हवा झाला. ज्यांचे कागद नष्ट झाले होते, त्यांना सहकैद्यांचे दाखले गोळा करत फिरावे लागले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरदयाल सिंग खटल्यात सांगितले, की अशा वृद्धांकडून फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागू नका. पण नाण्याला दुसरी बाजूही होती. कागद नाही म्हटल्यावर खोट्यांनाही वाट मिळते. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. दप्तर हरवले की खरा माणूस बाहेर राहतो आणि खोटा आत येतो.

आता याच्या उलट बाजू पाहू. काही माणसांची नोंद गुन्ह्याच्या आधीच झाली होती. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर नेला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, असे ठरवून रजिस्टरे भरली. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचे नाही. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना आपण विमुक्त म्हणतो. पण आपल्या भागातल्या फासेपारधी बांधवांना विचारा, कुठे चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या बेड्यावर येतात. कायदा गेला तरी रजिस्टराची सवय गेली नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर दोनदा बोट ठेवले. मे महिन्यात, निरपराध माणसांची नावे केवळ ती मागास, विमुक्त किंवा अल्पसंख्य समाजातली आहेत म्हणून पोलिसांच्या हिस्टरी शीटमध्ये यांत्रिकपणे घालू नका, असे बजावले. ऑक्टोबरमध्ये, तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश दिला.

सत्याग्रहीची नोंद अपुरी होती, म्हणून तो चोर ठरला. पारध्याची नोंद जरुरीपेक्षा जास्त होती, म्हणून तोही चोर ठरला. दोघांच्याही बाबतीत नोंद उघडून, तपासून, तिला प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. म्हणून मला वाटते, कोर्टाचे दप्तर नुसते जपून भागत नाही, ते वाचले गेले पाहिजे.

आपल्या तालुक्यात तिसरी एक बाजू आहे, भाषेची. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम राहतात. त्यांची कोलामी भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती द्रविड कुळातली. कोलाम साक्षीदार बोलतो कोलामीत किंवा मोडक्या मराठीत, लिहिले जाते कचेरीच्या मराठीत, आणि निकाल पूर्वी येत असे इंग्रजीत. एका वाक्याला तीन नद्या ओलांडाव्या लागायच्या. त्यातले किती पाणी वाटेत सांडले असेल? २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. निदान एक नदी कमी झाली.

आज शोधणाऱ्याला परिस्थिती पुष्कळ बरी आहे. राळेगावला दिवाणी व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय आहे. गंभीर खटले सत्र न्यायालयात चालतात, त्यासाठी यवतमाळ आणि पांढरकवडा दोन्हीकडची नोंद पाहावी. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने, एफआयआरच्या क्रमांकाने किंवा वकिलाच्या नावाने खटला शोधता येतो. प्रत्येक खटल्याला सीएनआर नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की तारखा, आदेश, निकाल मोबाइलवर दिसतात. मात्र पोलीस ठाणे आणि वर्ष ठाऊक हवे. एखादे गाव राळेगाव ठाण्यात आहे की वडकी ठाण्यात, इथेच अर्धे लोक अडतात. एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. दोषारोपपत्र मात्र असे सर्वांसाठी खुले नाही, हे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले.

संगणकाच्या आधीचा खटला असेल तर नक्कल विभागात अर्ज, कोर्ट फीचे तिकीट आणि धीर, या तीन गोष्टी लागतात. आरोपीला निकालाची प्रत मिळण्याचा हक्क कायद्यातच आहे. त्रयस्थाला हायकोर्टाच्या नियमांप्रमाणे कारण सांगून अर्ज करावा लागतो. माहितीच्या अधिकारात मागून ही नक्कल मिळत नाही, न्यायालयाचा नियम असेल तिथे त्याच वाटेने जावे, असा २०२० चा निकाल आहे. हे सारे किचकट वाटेल. पण मुळातली गोष्ट सोपी आहे. आपल्या देशात खटला उघड्या कोर्टात चालतो. दार उघडे ठेवून जो न्याय दिला, त्याचा कागद कुलपात राहू नये.

याला मर्यादाही हव्यात. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव, अल्पवयीन मुलाचे नाव उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आणि एक मर्यादा आपली आपण पाळायची. मोबाइलवर शेजाऱ्याचे नाव टाकून त्याच्यावर कधी खटला होता का, हे पाहणे आता फार सोपे झाले आहे. सोयरीक जुळवताना लोक तेही करू लागले आहेत. अशा वेळी खटला दाखल झाल्याची ओळ वाचून थांबू नये, निकालापर्यंत वाचावे. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नावापुढेही खटल्याचा क्रमांक कायम राहतो. अर्धी नोंद वाचणारा माणूस नवे रजिस्टर तयार करत असतो.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यात जुन्या मिसली स्कॅन करण्याचे कामही आहे. हे स्कॅनिंग तालुक्यांपर्यंत पोचण्याआधी बऱ्याच मिसलींची मुदत भरलेली असेल. म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. आपल्या महाविद्यालयांत इतिहासाचे प्राध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत, बार रूममध्ये जुने वकील आहेत. त्यांनी एकत्र बसून, न्यायालयाची रीतसर परवानगी काढून, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टिकलेल्या खटल्यांची नुसती यादी केली तरी पुरे. वर्ष, गाव, कलम आणि निकाल. ज्यांच्या घरी आजोबांच्या शिक्षेचा, जामिनाचा, सुटकेचा कागद आहे, त्यांनी तो लाज वाटते म्हणून जाळू नये. आधी वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर मोडी-उर्दू जाणणाऱ्या माणसाला दाखवावा. असे लोक अजून आपल्या तालुक्यात आहेत.

त्या शिक्षकांनी रजिस्टरातली ती ओळ वहीत उतरवून घेतली. वरची आणि खालची नावेही उतरवली. त्या नावांची घरे शोधण्याचे काम ते सध्या सुट्टीच्या दिवशी करतात. आतापर्यंत तीन घरे सापडली. त्यातल्या दोन घरांत आजोबा तुरुंगात गेल्याचे कोणाला ठाऊकच नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)